सुप्याच्या माळाची सफारी : पाचपैकी साडेतीन

मी एसटीत कंडक्टर होतो. चौफुला-सुपे-मोरगाव या रस्त्यावर सुप्याजवळचा माळ आला की मी वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायला घ्यायचो, कारण तिथं ना कुणी चढायचं, ना कुणी उतरायचं. त्यामुळं लेकीनं त्याच माळाची सफारी बुक केल्यावर मी तिला विचारलं, "पैसे जास्त झालेत का गं?"

भाड्याच्या गाडीत आम्ही सहाजण होतो. हडपसरहून पहाटे साडेचारला निघालो आणि उजाडायच्या आत मयूरेश्वर अभयारण्यापाशी पोचलो. 1997 सालचं हे अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटरचं. ताडोबाशी तुलना केली तर चिल्लरच. आजूबाजूला ऊस, वस्त्या, विहिरी आणि मधे हा पिवळा तुकडा.

गाईड जवळच्याच गावचा पोरगा, आणि साडेतीनमधले तीन तारे त्याचेच. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं चिंकारा दाखवला. म्हणजे बोट दाखवलं तेव्हा मला नुसतं गवतच दिसत होतं. मग त्या गवतात एक काळी शेपटी टकटक हलली आणि तिच्याभोवती हळूहळू अख्खं जनावर उमटलं. शिंगांना वळ्या होत्या, म्हणजे नर. आमची चाहूल लागताच त्यानं शिंकल्यासारखा आवाज काढला अन् चार उड्यांत गायब. माझ्या आईच्या हिशेबात कुठं निघताना कुणी शिंकलं तर तो अपशकुन. इथं मात्र त्याच शिंकेवर कळप जीव वाचवतो.

आता तक्रार. सहांपैकी एकाला फोटो जवळून हवा होता, म्हणून ड्रायव्हरनं गाडी वाट सोडून सरळ गवतात घातली. गाईड ओरडला, पण गाडीत गाणी चालू, ऐकणार कोण? माझा हात जुन्या सवयीनं वर गेला, घंटीची दोरी काही सापडली नाही, तेव्हा टपावरच जोरात थाप मारली. एक घंटी म्हणजे थांबा, हे त्यालाही ठाऊक असावं. गाडी थांबली. समोर वीसेक फुटांवर धाविक पक्षी होता. चार पावलं पळायचा, ताठ उभा राहायचा, पुन्हा पळायचा. गाईड म्हणाला, "काका, हा घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, खड्यांसारखी दिसतात. चाक गेलं तर कळणारही नाही." एप्रिल म्हणजे त्याचा अंड्यांचाच हंगाम. परत आल्यावर गाडीवाल्यांना फोन केला, त्यांनी चूक कबूल केली, म्हणून नाव लिहीत नाही. दीड तारा मात्र कापलाय.

त्या पोरानं सांगितलेली आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. कागदोपत्री माळ म्हणजे 'पडीक'. मग कुणाला तरी दया येते आणि तिथं खड्डे खणून झाडं लावली जातात. दाट झाडी झाली की मारवेल-पवन्यासारखं गवत सावलीत मागं हटतं, आणि लांबून शत्रू हेरून पळ काढणाऱ्या चिंकाऱ्याला पुढचं दिसेनासं होतं. आमच्या डेपोनंही दरवर्षी वृक्षारोपण केलं, मी स्वतः फोटोत उभा आहे. डेपोत ते ठीकच होतं. माळावर जागा बघून लावावीत, एवढंच.

लांडगा दिसला नाही. तरसाच्या पायाचे ठसे तेवढे दिसले. लांडग्याचं विचारलं तर गाईड हसून म्हणाला, "मेंढरं कुठं आहेत बघा, तिकडंच तो." मला धनगरांची आठवण झाली. रस्त्यात हात करायचे, काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू असायचं, आणि त्याचं लगेजचं तिकीट फाडावं का नाही या विचारात माझा पुढचा थांबा निघून जायचा. कधीच फाडलं नाही.

नाश्त्याला गार पोहे दिले, त्याबद्दल न बोललेलं बरं. जाणार असाल तर पाणी घरून न्या, मळकट रंगाचे कपडे घाला, आणि गाडीत बसल्या बसल्या पहिल्यांदा गाणी बंद करायला सांगा. सूर्य वर चढला की जनावरं सावली धरतात, तेव्हा नऊच्या पुढं थांबून उपयोग नाही. मी पावसाळ्यानंतर परत जाणार आहे, गवत कमरेला लागतं म्हणे तेव्हा. या वेळी एसटीनं, आणि गाईड तोच सांगून ठेवलाय.