लेदर म्हणून रेक्झिन, सेबल म्हणून नायलॉन

दिवाळीआधी नागपुरात बर्डीजवळच्या एका प्रदर्शनात मी 1,850 रुपयांचं लेदर पेंटिंगचं किट घेतलं. त्यात ‘प्युअर लेदर’चं पाकीट, लेदरवर चालणाऱ्या रंगाच्या सहा बाटल्या आणि ‘सेबल’चे, म्हणजे प्राण्याच्या खऱ्या केसांचे, पाच ब्रश. भाच्यासाठी पाकिटावर ताडोब्याचा वाघ काढायचा होता.

स्टॉलवाला मोठा समजावून सांगत होता. आधी अ‍ॅसिटोनने पुसून वरची चकाकी काढा. रंग पातळ लावा, एक हात वाळला की दुसरा. ब्रश कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, ग्लासात केसांवर उभे ठेवू नका. यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि तिथेच मी फसले. एवढं माहीत असलेला माणूस माल खोटा कसा देईल?

घरी अ‍ॅसिटोन लावताच पाकीट चिकट झालं आणि कोपऱ्यातून पापुद्रा निघाला. वाटलं, जास्तच चोळलं. तरी वाघ काढला. पाकीट दोनदा उघडमीट केलं, तर घडीवर वाघाच्या पाठीला तडे. ब्रशचे केस झाडूसारखे फिसकारले. तिसऱ्या दिवशी स्टॉलवर गेले तर म्हणतो, “ताई, रंग जाड लावला तुम्ही. अन् ब्रश धुतला नसन बरोबर.” मी मान खाली घालून परत आले, कारण रंग जाड लावलाच होता, आणि एक ब्रश रात्रभर ग्लासात राहिलाही होता. ब्रशचे केस बसवलेल्या पत्र्याच्या नळीत अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की केस फाकतात, हे खरंच आहे. पण मग न वापरलेला पाचवा ब्रश नुसत्या पाण्यात बुडवल्यावर का फाकला?

फुटपाथवरच्या मोचीकाकांना पाकीट दाखवलं. त्यांनी कडेची शिवण उसवली. आत विणलेलं कापड. “हे रेक्झिन हाय बाई. चामड्याच्या कडेला तंतू दिसते, कापड नाही दिसत.” अ‍ॅसिटोनने खऱ्या लेदरची फक्त चकाकी जाते, इथे वरचा प्लास्टिकचा थरच विरघळला होता.

काकांनी चामड्याचा एक तुकडा दिला. त्यावर शहाण्यासारखे तीन पातळ हात दिले, मध्ये वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी वाकवला, तडे गेलेच. बाटलीवरचं लेबल सोललं तर खाली दुसरं लेबल: साधा क्राफ्टचा अ‍ॅक्रिलिक. लेदरचा रंग वाळल्यावरही लवचिक राहावा लागतो, हा तसा नव्हताच.

ब्रशचा एक केस काडीवर धरला. खरा केस जळून वास येतो आणि राख होते. हा वितळून त्याचा मणी झाला. गंमत म्हणजे अ‍ॅक्रिलिकला चांगला सिंथेटिक ब्रशच बरा पडतो. म्हणजे मला नको असलेल्या गोष्टीचं नाव सांगून माझ्याकडून पैसे काढले, आणि वर नायलॉनही हलकंच दिलं.

पक्कं बिल असतं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना दाखवायला काहीतरी असतं. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, तीवर ‘आर्ट सामान’ एवढंच. पुन्हा गेले तोवर मांडव उतरला होता.

परवा धरमपेठेत नव्या प्रदर्शनाचा फलक दिसला. जाणार आहे. पर्समध्ये काडेपेटी टाकलीय.