वायरवरचे मशीन की बॅटरीवरचे? दुरुस्तीची कामे घेणाऱ्यांसाठी सुरक्षिततेच्या बाजूने तुलना

मुंबईत इमारतींची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, ग्रील बसवणे किंवा फ्लॅटचे अंतर्गत काम घेणाऱ्या लहान कंत्राटदाराला नवी मशीन घेताना ड्रिल, हॅमर आणि ग्राइंडर वायरवर चालणारे घ्यावेत की बॅटरीवर, हे ठरवावे लागते. नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांत दोन्ही प्रकार शेजारीशेजारी मांडलेले दिसतात आणि बहुतेक वेळा निर्णय किमतीवर होतो, कारण चार्जर आणि दोन बॅटऱ्या धरल्या की बॅटरीचे मशीन बरेच महाग पडते. येथे किंमत बाजूला ठेवून, मशीन हातात धरणाऱ्या कारागिराला कोणत्या प्रकारात कोणता धोका आहे, एवढेच पाहिले आहे.

सर्वांत मोठा फरक विजेच्या धक्क्याचा आहे. आपल्याकडील पुरवठा 230 व्होल्टचा, तर बॅटरीचे मशीन साधारणपणे 18 व्होल्टचे असते. खोक्यावर 20 व्होल्ट छापलेले मशीनही बहुधा तेच असते, कारण पूर्ण चार्ज झालेल्या पाच सेलचा दाब तेवढा भरतो. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरला, तर 230 व्होल्टवर सुमारे 230 मिलिअँपियर प्रवाह अंगातून जाऊ शकतो. साधारण 10 मिलिअँपियरला हाताची पकड सोडवता येईनाशी होते, आणि त्याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस जागीच दगावू शकतो. बोर्डावरचा 16 अँपियरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) अशा वेळी पडेल या भरवशावर कोणी राहू नये, कारण तो वायर तापून जळू नये म्हणून बसवलेला असतो आणि एवढ्याशा प्रवाहाची त्याला दखलही लागत नाही.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात ओल्या परांचीवर, गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर जे काम करायचे असेल, तेथे बॅटरीचे मशीन निःसंशय उजवे ठरते. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत उतरून करायच्या कामाबद्दल तर मला बॅटरीशिवाय दुसरा पर्यायच योग्य वाटत नाही. टाकी, खड्डा, मोठा पाइप अशा बंदिस्त जागांत पुरेशी सुरक्षा साधने नसताना 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा किंवा विजेचे उपकरण वापरू नये, अशी तरतूद कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36-अ मध्ये होती; 2025 मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. सोसायटीची टाकी म्हणजे कारखाना नव्हे, पण टाकीत घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे शरीर तेच असते, आणि 18 व्होल्टचे मशीन या मर्यादेच्या आत बसते.

वायरचे मशीन म्हणजे धोकाच, असे मात्र नाही. आज मिळणाऱ्या बहुतेक हातमशीनना दुहेरी इन्सुलेशन असते; नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्या मशीनला अर्थिंगची गरज नसते आणि म्हणूनच त्याला दोनच पिना असतात. जुनी, धातूच्या अंगाची, तिसरी पिन तुटलेली मशीन या तुलनेत धरायलाच नकोत. ती बाद करावीत. चांगल्या मशीनच्या बाबतीत दगा देते ती वायर आणि बोर्ड. साइटवर जरा नीट पाहिले तर प्लग कापून टाकलेला असतो, वायरची सोललेली टोके सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली असतात, आणि मधला टेप गुंडाळलेला जोड नेमका बादलीतून सांडलेल्या पाण्यात पडलेला असतो. तेथे मशीनवरच्या त्या दोन चौकोनांचा काही उपयोग होत नाही.

यावरचा उपाय म्हणजे 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला एक्स्टेन्शन बोर्ड. गळणारा प्रवाह त्या पातळीला पोहोचला की तो सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत पुरवठा तोडतो. जुन्या इमारतींतल्या फ्लॅटमध्ये आरसीसीबी असेलच असे धरून चालू नये; बोर्ड स्वतःचा न्यावा आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी त्याचे टेस्टचे बटण दाबून पाहावे. त्यालाही मर्यादा आहे: एका हाताचा स्पर्श फेजला आणि दुसऱ्याचा न्यूट्रलला झाला, आणि जमिनीकडे प्रवाह गेलाच नाही, तर तो पडत नाही. लांब वायर रीळवर गुंडाळलेली ठेवून तिच्यावर जड मशीन चालवले तर ती आतून तापते, म्हणून ती पूर्ण उलगडावी.

ग्राइंडरच्या बाबतीत मात्र बॅटरीमुळे निर्धास्त होणे ही मोठी चूक ठरेल. चार इंची डिस्क मिनिटाला 11,000 फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो, मग वीज भिंतीतून येवो की बॅटरीतून. गार्ड काढून पाच इंची डिस्क लावणे, किंवा लाकूड कापायला दातेरी पाते चढवणे, हे दोन्ही प्रकारच्या मशीनवर सारखेच जीवघेणे आहे. डिस्क बदलताना मात्र बॅटरीच्या मशीनचा खरा फायदा दिसतो. वायरच्या मशीनचा प्लग कधीकधी दोन मजले खाली असतो, कारागीर खालच्या बोर्डाचा नुसता स्विच बंद करवून पाना लावतो, आणि मशीनवरचे सरकवून अडकवायचे बटण चालूच राहिलेले असेल तर खाली कोणी वीज परत सुरू करताच मशीन हातात फिरू लागते. बॅटरी काढून खिशात ठेवायला दोन सेकंद लागतात. उलट बाजूने, बॅटरी लावलेले मशीन कायम जिवंत असते. पिशवीत हत्यारांबरोबर टाकले आणि बटण दाबले गेले तर ते तेथेच फिरते. धूळ, आवाज आणि हाताला बसणारे हादरे यांत दोन्हींत निवडण्याजोगा फरक नाही. चष्मा, मास्क आणि कानांचे संरक्षण दोन्हीकडे लागते.

ताकदीचा हिशेब साधा आहे. 18 व्होल्ट, 4 अँपियर-तासांच्या बॅटरीत 72 वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे 600 वॉटचा भार सलग घेतला तर जेमतेम सात मिनिटे. दिवसभर लादी फोडणे किंवा टेबलावर ग्रीलचे पाइप कापणे यासाठी बॅटरी पुरत नाही, आणि ती संपली की घाईत कोणाचे तरी मोडके वायरचे मशीन आणले जाते, ही गोष्ट निवड करताना लक्षात घ्यायला हवी.

माझ्या मते पहिला खर्च आरसीसीबीच्या बोर्डावर करावा, कारण तो आत्ता वापरात असलेल्या मशीनलाही लागू पडतो. त्यानंतर बाहेरच्या आणि ओल्या कामासाठी बॅटरीचा ड्रिल किंवा रोटरी हॅमर दोन बॅटऱ्यांसह घ्यावा. लादी फोडायचा ब्रेकर आणि टेबलावरचा ग्राइंडर वायरवरचेच ठेवावेत. बॅटऱ्या मशीनच्याच कंपनीच्या असाव्यात. फुगलेली, पाण्यात पडलेली किंवा सेल बदलून दिलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये. चार्जिंग दिवसा, कोणी समोर असताना, थिनर, पॉलिश आणि फोमपासून दूर करावे, आणि संध्याकाळी फ्लॅटला कुलूप लावण्यापूर्वी चार्जरचा प्लग काढावा.