पुस्तक शेवटी उघडणारी शाळा

पुण्यातील नदीकाठच्या एका पेठेत असलेल्या लहानशा मराठी प्राथमिक शाळेत आमची मुलगी पहिलीपासून शिकते आहे आणि नुकतेच तिचे तिसरीचे वर्ष संपले. शाळेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण एका वर्गात जेमतेम बावीस मुले आहेत आणि पुढे काही तक्रारीही येणार आहेत. अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच आहे, पुस्तकेही बालभारतीचीच आहेत. मात्र ही शाळा ती पुस्तके वेगळ्या क्रमाने वापरते. विषय आधी हाताळायचा, मोजायचा, त्याबद्दल घरी-दारी विचारायचे आणि धडा सर्वांत शेवटी वाचायचा, असा तेथील शिरस्ता आहे.

गणितापुरते बोलायचे तर या क्रमाचा फायदा आम्हाला दुसरीतच दिसला. मराठीतील संख्यानामे मुलांना अवघड जातात, हे काही नवीन नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असेही वाचन आले, तेव्हा त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला होता. आमची मुलगी 'एकोणपन्नास' ऐकले की ५९ लिहीत असे, कारण तिला त्यातले 'पन्नास' तेवढे ऐकू येई. बाईंनी तिला पन्नास मण्यांची माळ ओवायला लावली, एक मणी काढून घेतला आणि उरलेल्या माळेचे नाव विचारले. पन्नासला एक उणे, म्हणून एकोणपन्नास. पुढे तिसरीत अपूर्णांकांची ओळख होताना तोच 'उणे' पुन्हा भेटला: पाव उणे एक म्हणजे पाऊण, पाव उणे दोन म्हणजे पावणेदोन. त्यानंतर वर्गाला मंडईत नेण्यात आले आणि प्रत्येक मुलाने पाव किलो, पाऊण किलो, सव्वा किलो अशा वजनांची भाजी मागून तराजूवरचा आकडा वहीत उतरवला. आमच्याकडे त्या दिवशी पाऊण किलो गवार आली आणि पुढचे तीन दिवस ती पुरली. आमच्या आजोबांच्या पिढीने पाऊणकी आणि दिडकीचे पाढे घोकले होते. ते घोकणे शाळा करून घेत नाही, पण त्या शब्दांमागचे माप मुलांच्या हाताला समजते.

परिसर अभ्यासात सहा आठवडे 'पाणी' हा एकच विषय चालला. सुरुवात घरातल्या बादल्या आणि तांबे मोजण्यापासून झाली. मग इमारतीची टाकी, पर्वतीचे जलकेंद्र, खडकवासला आणि त्याच्याही वरची पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे, असा नळापासून उगमाकडे जाणारा नकाशा मुलांनी स्वतः काढला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातील हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी कसे आणले गेले, हे काळा हौद कोठे होता ते विचारत विचारत शिकवले गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा शहरात काय झाले, हे ओळखीच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीला विचारून यायचे होते. शेजारच्या आजींनी भिंतीवर हात ठेवून पाण्याची उंची दाखवली आणि मुलीने पट्टी आणून ती मोजली. इतके झाल्यावर पुस्तकातला धडा उघडला, तेव्हा तिचा शेरा असा होता की, "यात बादल्या मोजायच्या राहिल्यात."

आता उणी बाजू. हा सारा अभ्यासक्रम शिक्षिकेच्या डोक्यात आणि तिच्या टाचण वहीत असतो. दिवाळीनंतर वर्गाच्या बाई पाच आठवडे रजेवर होत्या. बदली शिक्षिकेला मण्यांच्या माळा कोणत्या कपाटात आहेत हेही कोणी सांगितलेले नव्हते, त्यामुळे त्या काळात फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यापलीकडे काही झाले नाही. लहान शाळेत जादा माणूस नसतो हे मान्य आहे, परंतु आराखडा शाळेचा असेल तर तो लेखी स्वरूपात शाळेकडे असायला हवा. मुख्याध्यापिकांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले; पुढे काय झाले ते समजलेले नाही.

इंग्रजीचे काम कच्चे आहे. गाणी आणि संभाषण भरपूर होते, वाचन मात्र फार उशिरा हाती घेतले जाते. शुद्धलेखनाबाबत शाळा इतकी उदार आहे की 'दिवस' आणि 'दीवस' ही दोन्ही रूपे वर्षभर एकाच वहीत सुखाने नांदली. प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदी मात्र खरोखर मुलाकडे पाहून लिहिलेल्या असतात. 'गटात बोलते, पण दुसऱ्याचे ऐकताना खिडकीकडे पाहते' ही नोंद वाचून आम्हा दोघांनाही घरातलीच तक्रार आठवली. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी शाळेकडून होईल अशी अपेक्षा असणाऱ्यांनी येथे येऊ नये, शाळा तसे पहिल्या भेटीतच सांगते.

धाकट्याचा पहिलीचा अर्ज आम्ही याच शाळेत भरला आहे आणि इंग्रजी वाचन घरी घेण्याचे ठरवले आहे. प्रवेशासाठी जाणाऱ्यांनी वर्ग पाहण्याबरोबर टाचण वही दाखवण्याचीही विनंती करावी. मागितली तर ती दाखवतात, आणि गेल्या महिन्याची पाने कोरी आहेत का, हे तेथेच उभ्या उभ्या कळते.