ईसीजी वाचणारी तयार एआय प्रणाली घ्यावी की विद्यापीठाच्या संशोधनात उतरावे?

वणी, पांढरकवडा किंवा अहेरीसारख्या ठिकाणी वीस-तीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या विश्वस्तांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे कंपनीची वर्गणी भरून ईसीजीचे वाचन करून देणारी एआय प्रणाली बसवणे. दुसरी म्हणजे एखाद्या विद्यापीठाच्या संयुक्त संशोधनात सहभागी होऊन आपल्या रुग्णांचे आलेख (म्हणजे ईसीजी) देणे आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचे वाचन मिळवणे.

वेगाचा प्रश्न चटकन निकाली निघतो. रात्री दोन वाजता छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाला गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे तर ते पहिल्या बारा तासांत, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. नागपूरची कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय असलेला कक्ष, तासांच्या अंतरावर असताना काही मिनिटांत इशारा देणारी प्रणाली उपयोगाचीच आहे. विद्यापीठाच्या प्रकल्पात नैतिकता समितीची मंजुरी, संमतिपत्रे आणि करारनामा यांतच काही महिने जातात.

मात्र प्रणाली कोणाच्या आलेखांवर शिकली, हे विचारल्यावर पारडे बदलते. संशोधकांमध्ये सर्रास वापरला जाणारा पीटीबी-एक्सएल हा संग्रह सुमारे २१,८०० आलेखांचा असून ते १९८९ ते १९९६ या काळात जर्मनीत नोंदवलेले आहेत. आपल्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे हृदयावर ताण आलेले तरुण रुग्ण येतात, आणि कपाशीवरील फवारणीच्या हंगामात विषबाधा झालेले शेतमजूर येतात. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांनी नाडी मंदावू शकते आणि क्यूटी अंतर, म्हणजे ईसीजीवर मोजला जाणारा हृदयाच्या एका ठोक्यातील ठरावीक कालावधी, लांबू शकते. मूळ संग्रहात असे रुग्णच नसतील तर यंत्राने ते शिकावे कोठून? स्थानिक आलेखांवर प्रणालीची पडताळणी करणे हे विद्यापीठाचे खरे काम आहे, कारण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी एकच आलेख स्वतंत्रपणे वाचावा लागतो आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निकाल द्यावा लागतो. एवढा खटाटोप विक्री प्रतिनिधीकडून होणे कठीण.

याचे चांगले उदाहरण ब्राझीलमधील मिनास जेराइस राज्यात आहे. तेथील संघीय विद्यापीठाने समन्वय केलेल्या दूरवैद्यक जाळ्यातून लहान गावांतील ईसीजी आधी सेवा म्हणून वाचले गेले आणि त्यातूनच ८११ नगरपालिकांमधील वीस लाखांहून अधिक आलेखांचा संग्रह उभा राहिला. त्यावर शिकलेल्या एआय मॉडेलचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. या मॉडेलला सहा दोष ओळखायला शिकवले होते, आणि त्या सहांत हृदयविकाराचा झटका नव्हता. त्यामुळे कोणीही ‘एआय ईसीजी वाचते’ असे म्हटले, की नेमके काय वाचते याची लेखी यादी मागावी.

विद्यापीठाच्या बाजूची खरी अडचण माहितीच्या मालकीची आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२३ ची एआयविषयक नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि त्याच वर्षीचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यांमुळे नुसते ‘संशोधनासाठी’ एवढे सांगून आलेख देणे योग्य ठरणार नाही. फेडरेटेड पद्धतीत आलेख रुग्णालयाच्या संगणकातच राहतात, मॉडेल तेथे येऊन शिकते आणि शिकलेले गणिती आकडे तेवढे केंद्राकडे जातात. पद्धत उत्तम आहे, पण तिला चांगला संगणक, अखंड वीज आणि ते सांभाळणारा माणूस लागतो, आणि भारनियमनात यांपैकी निदान एक गोष्ट हमखास कमी पडते. ईसीजीच्या कागदी पट्ट्यांवर तर विसंबूच नये. थर्मल कागद उष्णतेने फिका पडतो. आमच्या कपाटात चार उन्हाळे काढलेल्या पट्ट्यांवर पेनाने लिहिलेली तारीख शिल्लक होती, आलेख गेला होता.

ज्या रुग्णालयात रात्री ईसीजी वाचणारे कोणीच नाही, त्याने वर्षभरासाठी तयार प्रणाली घ्यावी, असे माझे मत आहे; मात्र प्रत्येक आलेखाची मूळ डिजिटल फाइल रुग्णालयाला मिळेल, ही अट करारात असावी, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे जाताना हात रिकामे राहणार नाहीत. विद्यापीठ निवडताना त्याची संगणकशाखा किती नामांकित आहे याहून त्याचे हृदयरोगतज्ज्ञ बाहेरगावचे ईसीजी रोज वाचतात का, हे आधी पाहावे. कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी, अंतिम निदान पक्के झालेले पन्नास जुने डिजिटल आलेख नावे काढून कंपनी आणि विद्यापीठ दोघांनाही वाचायला द्यावेत, आणि त्यांत फवारणीच्या हंगामातील चार-पाच आवर्जून असावेत.