दाताच्या इम्प्लांटच्या नावाखाली ९८,५०० गेले, तुम्ही तरी डेंटिस्टच्या खुर्चीत बसून ओटीपी देऊ नका

आधीच सांगते, मी अडाणी नाही. २६ वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, लोकांची बिलं तपासून पास करते. तरी फसले, आणि घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं कारण लाज वाटत होती. आता लिहितेय कारण मागच्या आठवड्यात आमच्या भांडुपमध्ये दुसऱ्या एका सोसायटीच्या गेटवर तसाच फ्री डेंटल कॅम्पचा बॅनर बघितला.

माझ्या खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा आणि वरची एक नव्हती. आमच्या नेहमीच्या दाताच्या डॉक्टरांनी इम्प्लांटचे (हाडात स्क्रू बसवून त्यावर कॅप, म्हणजे नकली दात) कॅपसकट ३५,००० एकाचे सांगितले होते, म्हणजे तीनचे १,०५,०००, म्हणून वर्षभर ढकलत होते. गणपती झाल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये कॅम्प लागला, कमिटीनेच लावलेला, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. इम्प्लांट फक्त १४,९९९, लाइफटाइम गॅरंटी. म्हणून त्या कॅम्पवाल्यांच्या मुलुंडच्या क्लिनिकला गेले. १४,९९९ नुसत्या स्क्रूचे निघाले. तीन स्क्रूचे ४४,९९७, त्यावरचं अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा) आणि कॅप १२,००० प्रमाणे ३६,०००, हाड कमी आहे म्हणून बोन ग्राफ्टचे, म्हणजे हाडाची भर घालण्याचे, १८,०००, स्कॅनचे २,५००. टोटल १,०१,४९७, आणि "काकू तुम्ही कॅम्पमधून आलात म्हणून" ९८,५००. म्हणजे ओळखीच्या डॉक्टरांपेक्षा फक्त ६,५०० कमी. ऑफिसात मी दहा रुपयांचा फरक सोडत नाही आणि इथे हा हिशोब मी नंतर घरी येऊन केला. १०,००० कॅश भरले, बाकीचे "ईएमआयचं बघू नंतर" म्हणाले.

आता तो क्षण, जो अजून रात्री झोपू देत नाही. रविवारी गेले तर तपासणारे डॉक्टर नाहीत, "आज सर्जन सर आलेत". त्यांनी नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. इंजेक्शन दिलं, अर्धा जबडा आणि ओठ बधिर झाला, तोंडात कापूस, गळ्यात ते हिरवं कापड. आणि तेव्हा काउंटरवरची मुलगी आत आली, माझ्या पर्समधून मलाच फोन काढायला लावला, म्हणाली काकू ईएमआयचं कन्फर्म करायचंय, ओटीपी दाखवा. मी हाताने थांब अशी खूण केली. खरंच केली. ती म्हणाली सर थांबलेत, पुढचा पेशंट बसलाय. आणि मी फोन पुढे केला. दोनदा ओटीपी आला, दोन्ही दाखवले. घरी येऊन मेसेज वाचला, ८८,५०० रुपयांचं लोन माझ्या नावावर पास आणि पूर्ण पैसे क्लिनिकच्या खात्यात जमा. महिना ७,३७५, १२ हप्ते. अजून एक स्क्रूसुद्धा हाडात धरला नव्हता आणि त्यांचे शेवटच्या कॅपपर्यंतचे पैसे वसूल.

तेव्हाच उठायला हवं होतं. पण तुम्ही सांगा, बधिर तोंडाने त्या खुर्चीत आडवं पडलेलं असताना कोण भांडणार? मिस्टर बाहेर बसले होते, त्यांना कोणी आत बोलावलं नाही. सोबत माणूस असेल तर त्याला फोन देऊनच आत जा. आणि एक मला फार उशिरा कळलं, अशा मोबाइलवरच्या लोनला सुरुवातीचे काही दिवस असतात ज्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून ते रद्द करता येतं. मेसेज आला त्याच दिवशी वाचा.

स्क्रू हाडात धरायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून चार महिन्यांनी कॅपला या म्हणाले. दुसऱ्या महिन्यातच खालचा एक हलायला लागला, हिरडीतून पू. फोन केला की "नॉर्मल आहे, मीठ पाण्याच्या गुळण्या करा". मला डायबेटिस आहे, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) कोणी विचारलंही नव्हतं, साखर कंट्रोलमध्ये नसेल तर जखम नीट भरत नाही हे ज्याला माहीत नाही तो सर्जन कसला? एका सकाळी तो स्क्रू हातात आला. चौथ्या महिन्यात गेले तर शटर बंद, बोर्ड काढलेला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं १५ दिवस झाले.

शेवटी जुन्या डॉक्टरांकडे मान खाली घालून गेले. त्यांनी पहिलं विचारलं, स्टिकर कुठेय? इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, साइज आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो पेशंटला द्यायचा असतो. माझ्या बिलावर नुसतं "इम्पोर्टेड इम्प्लांट ३". प्रत्येक कंपनीची आतली जोडणी वेगळी, त्यामुळे उरलेले दोन कुठले आहेत ते कळल्याशिवाय त्यावर कॅप बसवणं अवघड. आणि २,५०० चा स्कॅन म्हणजे साधा ओपीजी, पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे. त्यात हाडाची जाडी दिसत नाही, खालच्या जबड्यातली नस जवळ असते म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करतात. सध्या ५,५०० ची कवळी लावते.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर "मॅडम ओटीपी तुम्हीच दिला ना, हे सिव्हिल मॅटर आहे". दुसऱ्यांदा गेले तर क्लिनिक आमच्या हद्दीत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले डॉक्टरवर केस घ्यायची तर आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं. अहो, मी उपचार चुकले म्हणून नाही आले, पैसे घेऊन पळाले म्हणून आलेय! अर्ज घ्यायला अडीच तास, पोच द्यायला नकार, पोचेसाठी पुन्हा भांडण. डॉक्टरांच्या नोंदणीच्या कार्यालयात विचारलं तर रजिस्ट्रेशन नंबर आणा. तो बिलावर नाही, चिठ्ठीवर नाही, आणि नाव माहीत नसलेल्या माणसाचा नंबर मी कुठून आणू? वॉर्ड ऑफिसात सांगितलं की बेड नाहीत म्हणजे नर्सिंग होम नाही, आमच्याकडे येत नाही. चार ऑफिसं, सात हाफ डे, आणि प्रत्येकाकडे मला पुढच्या खिडकीवर पाठवायचं कारण तयार. लोन कंपनी तर सरळ म्हणते वाद तुमचा आणि क्लिनिकचा, हप्ता भरा. एक हप्ता थांबवला तर ५९० बाउन्स चार्ज आणि ऑफिसच्या लँडलाइनवर वसुलीचे फोन. सिबिल खराब होईल म्हणून मुलाने भरायला लावलं. सात हप्ते गेलेत, पाच बाकी.

लोन कंपनीला लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, मी केलंय. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, २ वर्षांच्या आत जायचं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर निदान नीट ऐकून घेतात. पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या, स्क्रूचे वेगळे, कॅपचे कॅप बसल्यावर. आणि स्वस्तातच करायचं असेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सरकारी आहे, रांगेला कंटाळून मी गेले नाही.

गेल्या गणपतीनंतरच्या त्या कॅम्पमधून मुलुंडच्या त्या क्लिनिकला अजून कोणी गेलं असेल तर बिलं आणि लोनचे मेसेज जपून ठेवा आणि मला कळवा, एकत्र तक्रार करू. आणि त्या रविवारच्या सर्जनचं नाव कोणाच्या चिठ्ठीवर असेल तर ते मला पाहिजेच आहे.