चिंक्वे तेर्रे की अमाल्फी? आधी घरात कोणाला गाडी लागते ते विचारा

इटलीला जायचं ठरलं की रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस यावरून घरात फारशी भांडणं होत नाहीत, खरा घोळ सुरू होतो कोणीतरी "दोन-तीन दिवस समुद्राकडे काढूया ना" म्हणतं तेव्हा. मग फॅमिली ग्रुपवर दोन फोटो फिरायला लागतात, एकात कड्यावर रचलेली रंगीबेरंगी घरं आणि खाली निळं पाणी, दुसऱ्यातही कड्यावर रचलेली रंगीबेरंगी घरं आणि खाली निळं पाणी. पहिला फोटो चिंक्वे तेर्रेचा, म्हणजे वर लिगुरिया प्रांतातल्या पाच गावांचा, आणि दुसरा अमाल्फी किनाऱ्याचा, खाली नेपल्सच्या पलीकडचा. युनेस्कोच्या यादीत दोन्ही एकाच वर्षी आले, १९९७ ला, त्यामुळे तिकडूनही काही मदत नाही.

मी दोन्हीकडे जाऊन आलेय. चिंक्वे तेर्रेला आम्ही दोघंच गेलो होतो, पाठीवर एकेक सॅक, आणि अमाल्फीला सासू-सासरे आणि दोन पोरं असा सगळा लवाजमा होता. म्हणजे माझी तुलना काही अगदी तराजूत घालून केलेली नाहीये हे आधीच सांगते. पण त्याच्यामुळेच एक कळलं की फोटो बघून ठरवायचं नसतं, तिथे एका गावाहून दुसऱ्या गावाला कसं जातात ते बघून ठरवायचं असतं.

चिंक्वे तेर्रेला जातात ट्रेनने. ला स्पेत्सिया ते लेवांतो अशी लोकल आहे, मधे पाचही गावं लागतात, रिओमाज्जोरे, मानारोला, कॉर्निलिया, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो, आणि अख्खा प्रवास अर्ध्या तासाच्या आसपास. दोन गावांमधलं अंतर दोन-चार मिनिटांचं. लाईन बहुतेक सगळी बोगद्यातून जाते, त्यामुळे ट्रेनमधून समुद्र बघत जाऊ वगैरे स्वप्नं बघू नका, कोकण रेल्वेसारखं होतं, अंधार, अंधार, एकदम भक्कन उजेड, समुद्र, परत अंधार. पण कोणाला उलटी होत नाही आणि सीझनमध्ये एक ट्रेन गेली तर दुसरी थोड्या वेळात येते. दिवसभर ट्रेन आणि पायवाटा दोन्हीला चालणारं एक कार्ड मिळतं, त्याचा रेट दिवसानुसार आणि सीझननुसार बदलतो.

अमाल्फीला मात्र ट्रेन नाही. एका टोकाला सोर्रेंतोपर्यंत आहे, दुसऱ्या टोकाला सालेर्नोपर्यंत आहे, आणि मधे जे काय आहे ते एसएस १६३ नावाच्या रस्त्यावर. पन्नासेक किलोमीटरचा घाट समजा, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र, आणि रुंदी अशी की समोरून दुसरी बस आली की दोघातल्या एकाने मागे जायचं. ड्रायव्हर लोक वळणावर हॉर्न देत देत काढतात गाडी, आपल्या वरंध घाटाची आठवण होते फक्त इथे खाली दरीऐवजी पाणी. सोर्रेंतोहून येताना उजव्या बाजूला बसलात तर समुद्र दिसतो आणि सालेर्नोहून येताना डाव्या, पण बसायला मिळालं तर. आम्हाला नाही मिळालं. सासूबाई दांडीला धरून डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या आणि धाकट्याने पोझितानो यायच्या आधी सकाळचा अख्खा ब्रेकफास्ट पिशवीत काढला, पिशवी होती म्हणून बरं. मधल्या स्टॉपवर उन्हात उभे असलेले लोक बघून वाईट वाटायचं कारण बस भरलेली असली की थांबतच नाही. बसचं तिकीट बसमध्ये मिळेल असं धरून चालू नका, तंबाखूच्या दुकानात नाहीतर बारमध्ये आधी काढून ठेवायचं. आणि "आपण कार घेऊ की" म्हणणाऱ्याला सांगा की गर्दीच्या दिवसांत दिवसा नंबरप्लेटचा सम-विषम नियम असतो, शिवाय पार्किंग म्हणजे जागा शोधण्यात अर्धा दिवस.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाणे झालो आणि बोट पकडली. तेव्हा कळलं की अमाल्फी बघायचं तर बोटीतूनच. सालेर्नोहून अमाल्फी पस्तीसेक मिनिटं, तिथून पोझितानो वीस-पंचवीस, आणि ज्या घरांचे फोटो आपण बघतो ते बोटीतूनच दिसतात, गावात उभं राहिलं की आपल्याला फक्त शेजारच्याची भिंत दिसते. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि समुद्र खवळला की बंद, हे लक्षात ठेवायचं.

आता गुडघे. हा आमच्या घरातला राष्ट्रीय प्रश्न. पोझितानो म्हणजे जिना आहे हो अख्खं गाव, दुसरं काही नाही. बस वरच्या रस्त्याला सोडते, बीच तळाला, रूम कुठेतरी मधे, आणि चाकाची बॅग घेऊन गेलात तर रडाल (बॅगा उचलून नेणारे पोर्टर आहेत तिथे, पैसे देऊन टाका आणि मोकळे व्हा). पण अमाल्फी गाव, मिनोरी, मायोरी ही सपाटीवरची आहेत, मायोरीला तर चांगला लांबलचक बीच आहे. रावेल्लो वर डोंगरावर असलं तरी बस थेट वर नेते आणि वर पोचल्यावर बऱ्यापैकी सपाट. सासऱ्यांना सगळ्यात जास्त रावेल्लोच आवडलं, व्हिला रुफोलोच्या बागेत दोन तास बसून होते. तिथे १८८० मध्ये वाग्नर नावाचा मोठा जर्मन संगीतकार येऊन भारावून गेला होता असं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला पण खाली बसने जायचं होतं का?"

चिंक्वे तेर्रेत म्हाताऱ्या माणसांसाठी मोंतेरोस्सो सोपं, सपाट आहे आणि पाचांत खराखुरा वाळूचा बीच तिथेच. वेर्नात्साला पण स्टेशनातून बाहेर पडलं की उतरता रस्ता सरळ बंदरावर. कॉर्निलिया सगळ्यात अवघड, गाव वर आणि स्टेशन खाली, मधे ३८२ पायऱ्या. छोटी बस आहे वर न्यायला, कार्डात धरलेली असते. आम्ही पायऱ्या चढलो कारण तेव्हा आम्हाला जोर होता.

चालायची हौस असेल तर मात्र माझं मत चिंक्वे तेर्रेकडे झुकतं. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही वाट दोनेक तासांची, सुरुवातीला दम काढते, मग द्राक्षाच्या मळ्यांमधून जाते आणि शेवटी एकदम खाली वेर्नात्साचं बंदर दिसतं, तो फोटो तुम्ही शंभर वेळा बघितलेला असतो तरी थांबायला होतंच. त्या वाटेवर जे दगडी बांध दिसतात ना ते सगळे गडगे आहेत, आपल्या कोकणात असतात तसेच, चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड बसवलेला. शेकडो वर्षं लोकांनी तो उभा डोंगर असा पायऱ्या-पायऱ्यांनी बांधून द्राक्षं लावली, आता मळे करणारे हात कमी झालेत आणि गडगा पडला की मागची माती पण खाली येते. द्राक्षं खाली आणायला उतारावर एकाच रुळावरून जाणारी छोटीशी गाडी आहे, ती चालू असताना दिसली तर नशीब. मला ही गोष्ट रंगीत घरांपेक्षा जास्त आवडली, नवऱ्याला नाही आवडली, त्याला भूक लागली होती.

सगळ्या वाटा कायम उघड्या असतात असं नाही. रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध "प्रेमाची वाट" २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झाली ती थेट २०२४ मध्ये उघडली, आणि तिला वेगळं बुकिंग लागतं. मानारोला-कॉर्निलियाचा किनाऱ्याचा तुकडा पण वर्षानुवर्षं बंद होता, तर निघायच्या आधी नॅशनल पार्कच्या साईटवर बघून घ्या. आणि स्लीपर घालून वाटेवर गेलात तर दंड होतो, गंमत नाही.

अमाल्फीकडे "देवांची वाट" आहे, बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत, सहा-सात किलोमीटर, तिकीट नाही. नजारा चिंक्वे तेर्रेपेक्षा भव्य आहे हे मान्य करावं लागेल. पण नोचेल्लेहून पोझितानोला उतरायला दीडेक हजार पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघ्यांचा पॅराग्राफ परत वाचा.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी माणूस दोन्हीकडे जगतो, पण लिगुरियात जास्त सुखाने जगतो. पेस्तो सॉस तिथलाच, जेनोव्हाच्या तुळशीचा (आपली नव्हे, त्यांची गोडसर असते), चीज असतं त्यात. फोकाच्चा म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये न्हालेला जाड ब्रेड, सकाळी गरम मिळतो. आणि फारिनाता! चण्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल, मोठ्या तव्यात घालून भट्टीत भाजतात, म्हणजे आपलं धिरडंच की, फक्त हिरवी मिरची विसरलेत. मी पर्समधून तिखटाची पुडी काढली तर दुकानवाला बघत राहिला.

अमाल्फीकडे पिझ्झा आहे, आणि नेपल्स शेजारीच असल्यावर तो पिझ्झा काय असेल ते सांगायला नको. चीज नको असेल तर मरिनारा मागा, टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच, पण घरी लसूण चालत नसेल तर तोही गेला. मासे खाणाऱ्यांनी चेतारा गाव चुकवू नका, तिथे अँचोवी मिठात मुरवून त्याचा पातळ अर्क काढतात, कोलातुरा म्हणतात, दोन थेंब पास्त्यावर टाकले की बास. सुकटाच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांनी लांब राहावं. लिंबं तिथली लांबट आणि जाड सालीची, साल सुद्धा खातात. सासूबाईंनी एक हातात घेऊन, उलटसुलट करून, "लोणच्याला नाही चालणार" असा निकाल देऊन टाकला. लेमनचे केक मात्र दोन घेतले.

आजूबाजूला बघण्यासारखं अमाल्फीला कितीतरी जास्त. पॉम्पेई, इ.स. ७९ मध्ये राखेत गाडलं गेलेलं शहर, सोर्रेंतोच्या ट्रेनवरच आहे. काप्री बेटाला बोट जाते. सालेर्नोच्या खाली पेस्तुमला ग्रीक मंदिरं उभी आहेत आणि तिथे गर्दी पॉम्पेईच्या मानाने काहीच नाही. अमाल्फी गाव स्वतः एके काळी समुद्रावर राज्य करणारं प्रजासत्ताक होतं, कॅथेड्रलचे काशाचे दरवाजे अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून आणलेत, आणि हाताने कागद करायची तिथली कला दाखवणारं म्युझियम जुन्या गिरणीत आहे, पोरांना तेच सगळ्यात आवडलं. चिंक्वे तेर्रेला जवळ पोर्तोव्हेनेरे आहे, आणि पिसा ट्रेनने तासाभरावर. बाकी पाच गावंच, आणि खरं सांगू का, तिसऱ्या गावानंतर पाचही गावं एकसारखी वाटायला लागतात.

म्हणून रात्री मोजा. दोन रात्री असतील आणि तुमचा रूट मिलान-फ्लोरेन्स असा असेल तर चिंक्वे तेर्रे, विचारच करू नका. अमाल्फीला चारच्या खाली जाऊ नका, दोन रात्रींसाठी गेलात तर एक दिवस पोचण्यात आणि एक निघण्यात. रूट रोमवरून असेल आणि समुद्रासाठी चार-पाच रात्री असतील तर सालेर्नोला राहा, रोमहून फास्ट ट्रेनने दोनेक तास, स्टेशनपासून बोटीचा धक्का चालत, खरंखुरं शहर आहे, माणसं ऑफिसला जातात, रूम पोझितानोच्या मानाने बऱ्याच स्वस्त. चिंक्वे तेर्रेला हेच काम ला स्पेत्सिया किंवा लेवांतो करतं. पण तिथे एक रात्र तरी गावातच काढा, जास्त पैसे गेले तरी, कारण दिवसा क्रूझवाल्यांची आणि डे-ट्रिपवाल्यांची इतकी गर्दी होते की वेर्नात्साच्या गल्लीत तुळशीबागेसारखं ढकलत जावं लागतं, आणि संध्याकाळी ती सगळी गेली की बंदराच्या कट्ट्यावर मांजरं आणि तुम्ही.

कधी जायचं? आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी दोन्हीकडे मस्त, पाणी थोडं गार असतं एवढंच. जुलै-ऑगस्ट टाळा, १५ ऑगस्टच्या आसपास अख्खं इटली समुद्रावर असतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर मी अमाल्फी सांगेन, आणि दिवाळी ऑक्टोबरात असेल तरच, कारण नोव्हेंबरात बोटी बंद व्हायला लागतात आणि मग परत ती बस. लिगुरियात हे दिवस पावसाचे. २०११ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर, २५ ऑक्टोबरला, असा पाऊस झाला की वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या रस्त्यांवरून डोंगरातला चिखल वाहत गेला. आता हवामान खात्याचा इशारा आला की वाटा बंद करतात, म्हणजे तुम्ही तिकडे पोचून फोकाच्चा खात खिडकीतून पाऊस बघणार. मला चालेल, तुम्हाला चालेल का बघा.

आणि व्हिसा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री तिथून काढायचा असतो, तर स्वित्झर्लंड जोडणार असाल तर आधी रात्री मोजून घ्या मग फॉर्म भरा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मे महिन्याच्या अपॉइंटमेंट्स पटापट जातात, म्हणून जानेवारीत संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले की लगेच तारीख घेऊन टाका, हॉटेलचं कॅन्सल होणारं बुकिंग करून. बसमध्ये उलटीची गोळी लागणाऱ्यांनी ती इथूनच घ्या, तिकडे फार्मसीत "गाडी लागते" हे खुणेने सांगायला मला दहा मिनिटं लागली.