नाणेनिधीचं कर्ज की स्वतःचा बांध?

वादळात केळी आडवी झाली की रावेरच्या काकांपुढे दोनच वाटा उरतात. काकूच्या पाटल्या जळगावच्या सराफाकडे गहाण टाकायच्या, नाहीतर घरखर्च आवळून वर्ष काढायचं. 1997-98 मध्ये परकीय पैसा झपाट्याने बाहेर गेला, चलनं कोसळली आणि आशियातले काही देश याच पेचात सापडले.

इंडोनेशियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा, म्हणजे अडलेल्या देशांना अटी घालून कर्ज देणाऱ्या संस्थेचा, हात धरला. अटींपायी नोव्हेंबर 1997 मध्ये 16 बँका एका झटक्यात बंद झाल्या; लोक इतके घाबरले की धडधाकट बँकांपुढेही पैसे काढायला गर्दी. मे 1998 मध्ये इंधन महागलं, दंगली पेटल्या, राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची तीन दशकांची सत्ता गेली. त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे 13 टक्क्यांनी आक्रसली.

मलेशियाने कर्ज नाकारलं. सप्टेंबर 1998 मध्ये पैसा बाहेर न्यायला बंधनं घातली, आपलं चलन रिंगिट एका डॉलरला 3.80 या दरावर बांधलं. घसरण तिथेही झालीच, पण सुमारे 7 टक्के. अर्थात मलेशियावर अल्पमुदतीचं परकीय कर्ज मुळातच कमी होतं. कौतुक करणारे हे सोयीने विसरतात.

म्हणून कर्ज वाईटच, असं मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियाने ते घेतलं, लोकांनी घरातलं सोनं रांगा लावून दिलं आणि ऑगस्ट 2001 मध्ये मुदतीआधी फेड झाली. माझा राग अटींच्या घाईवर आहे.

आपलंही 1991 मध्ये सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण पडलं होतं. काकूला सांगितलं तर म्हणाली, “मग माझ्याच पाटल्यांची गावभर चर्चा का?”